वेलांटी आधी, अक्षर मागून

सोमवार, १६ जून

आज पुन्हा तेच! "मॅडम, तुमी बसा. फोन आला तं घ्या." मंगरूळच्या या सरकारी ऑफिसात लागून आठ महिने झाले. फोन दिवसातून तीनदा वाजतो. त्यातले दोन राँग नंबर.

दिसत नाही मला, जन्मापासून. पण कान आहेत, बोटं आहेत, अमरावतीला शिकलेलं थोडंफार पायथन प्रोग्रामिंग आहे. परीक्षा देऊन आले इथे. कोणी दया म्हणून दिलेली नोकरी नाही ही.

साहेबांना म्हटलं, जुन्या फायली द्या, कॉम्प्युटरवर शोधून देत जाईन. हसले. "पगार भेटते ना, वैजयंती मॅडम? मंग कायले जिवाले तरास?"

नाही बसणार.

बुधवार, १८ जून

नबीचाचांकडून पेनड्राइव्हवर फायली घेतल्या. गुलाम नबी — ऑफिसचे टायपिस्ट, टेबल माझ्या टेबलाला लागून. आठ महिन्यांत माझ्याशी सरळ बोललेला एकच माणूस.

घरी येऊन स्क्रीन रीडर लावला. कॉम्प्युटरवर लिहिलेलं तोच मला वाचून दाखवतो. पहिल्याच ओळीला म्हणाला, "फनूकॅड". दुसरी फाईल — फनूकॅड. तिसरी — फनूकॅड! आईला वाटलं मशीन बिघडलं.

गुरुवार, १९ जून

चाचांना सांगितलं तर खोकला लागेपर्यंत हसले. "अवं बेटा, ते 'दिनांक' हाय!"

आता कळलं. जुना फॉन्ट. आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच — एफ, एन, यू, के, ए, डी. फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठीचे कपडे चढवतो. बघणाऱ्याला दिनांक दिसतो, मशीनला काहीच कळत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर असतो, ते माझा रीडर नीट वाचतो. या चार हजार फायलींत तसं एकही अक्षर नाही. म्हणून तर ऑफिसात कोणालाच काही शोधता येत नाही!

म्हणजे इथे मी एकटीच आंधळी नाही.

ठरलं. पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायची, छोटा प्रोग्राम. सगळ्या फायली युनिकोडमध्ये.

मंगळवार, २४ जून

रोज जेवणाच्या सुट्टीत चाचा आणि मी. कोणत्या बटणाला कोणतं अक्षर, ते तोंडपाठ नाही त्यांना. "बोटाले माहीत हाय, मले नाही." मग टेबलावर बोटं आपटतात आणि थांबून सांगतात, मी लिहून घेते. पस्तीस वर्षांचं टायपिंग आहे ते.

आज वेलांटीवर अडलो. टाइप करताना 'दि'ची वेलांटी आधी मारायची, द मागून. युनिकोडमध्ये आधी द, मग वेलांटी. रफाराचं बरोबर उलटं — टायपात अक्षराच्या मागून, युनिकोडमध्ये आधी. म्हणजे नुसतं अक्षर बदलून भागणार नाही, जागाही बदलावी लागेल.

साहेब जाता जाता म्हणाले, "काय चालू हाय, भातुकली?"

हो. भातुकली.

मंगळवार, १ जुलै

चार दिवस वाया! पायथनमध्ये ओळी एकत्र बांधायला कंस नाहीत. कोणती ओळ कोणाच्या पोटात, ते सुरुवातीच्या मोकळ्या जागेवर ठरतं. डोळसांना दिसतं. मला? रीडर मोकळ्या जागेला मुका! त्यात अर्धा कोड मोबाईलवर लिहिलेला — एका ओळीत टॅब, दुसरीत स्पेस. एररवर एरर.

शेवटी रीडरच्या सेटिंगमध्ये सापडलं. आता प्रत्येक ओळीआधी बोलतो, "चार स्पेस", "आठ स्पेस". आई म्हणाली, "काय वं वैजू, मशीन पाढे म्हणून राह्यली का?"

शुक्रवार, ४ जुलै

माझ्या लॅपटॉपवर चालली! ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तीच स्क्रिप्ट आडवी. मराठी अक्षर लिहायचं म्हटलं की एरर — हे अक्षर मला येत नाही. लॅपटॉपवर लिनक्स, तिथे फाईल आपोआप यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडच्या पद्धतीनं, लिहिली जाते. ऑफिसचं विंडोज स्वतःचं जुनंच काही धरून बसतं. फाईल उघडताना दर वेळी बजावायचं — यूटीएफ-८.

बजावलं. ऐकलं त्यानं. माणसांपेक्षा बरं.

मंगळवार, ८ जुलै

आसेगावच्या धनीबाई आल्या होत्या. चौथी चक्कर. विहिरीच्या मंजुरीची २०११ सालची नक्कल पाहिजे. आवक-जावकवाल्यानं परत तेच सांगितलं, सापडत नाही. बाई माझ्या टेबलाशी येऊन टेकल्या. "पोरी, तू तरी पाह्यतं का? कागद नाही तं इहीर माही नाही म्हनतेत."

पाह्यतं का! आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला हे म्हटलं. म्हटलं, पाह्यतो.

गुरुवार, १० जुलै

२०११ चं फोल्डर रूपांतर करून घेतलं. शोधलं — "धनीबाई". शून्य.

चाचांनी तीच फाईल नजरेनं चाळली. "हे काय! सोळाव्या पानावर दिसून राह्यली ना धनीबाई, साफ!"

मशीन म्हणतं नाही, चाचा म्हणतात आहे. रीडरला तेवढीच ओळ हळू वाचायला लावली. दोनदा. तिसऱ्यांदा ऐकू आलं — "धनी-बार-इ". बार!

जुन्या टायपात 'ई'ला वेगळं बटण नाही. इ मारायची, वर रफार द्यायचा, झाली ई. माझ्या स्क्रिप्टनं तो रफार खरा समजून र् करून आधी नेऊन ठेवला. डोळ्यांना अगदी ई-सारखं दिसतं. चाचांनाही कळलं नाही!

मला कळलं. कानानं. दोन ओळी वाढवल्या, परत शोधलं. सापडली धनीबाई!

शुक्रवार, ११ जुलै

नक्कल दिली. बाईंनी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. साहेब केबिनच्या दारात उभे असणार, त्यांच्या सेंटचा वास आला.

सोमवार, २१ जुलै

चार हजार फायली झाल्या. गंमत म्हणून माझंच नाव शोधलं. तीन ठिकाणी मिळालं. दोन हजेरीपत्रकं.

तिसरं, १२ फेब्रुवारीचं पत्र. वरच्या कार्यालयाला. "सदर कर्मचारी पूर्णतः दृष्टिहीन असून कार्यालयाचे कोणतेही काम करण्यास असमर्थ आहेत. तरी त्यांची अन्यत्र बदली करून डोळस कर्मचारी द्यावा." खाली साहेबांचं पदनाम. तिथेच बंद केलं.

सगळ्यांच्या फोल्डरमध्ये पडून होतं. लपवलंही नव्हतं! मला काय वाचता येणार!

मंगळवार, २२ जुलै

सरळ केबिनमध्ये गेले. पत्राचा जावक क्रमांक सांगितला, तारीख सांगितली, दोन ओळी म्हणून दाखवल्या.

खुर्ची करकरली. "कोनं वाचून देलं तुमाले हे? नबीनं?"

"कोनंच नाही. म्या वाचलं."

"मॅडम, ते तुमच्या भल्यासाठीच होतं..."

"भल्याचं होतं तं मले इचाराचं होतं. आता मीबी लिहतो. चार हजार फायलीचं काम, धनीबाईची नक्कल, सारं. जावक क्रमांक टाकून देजा."



बाहेर येऊन चाचांना सगळं सांगितलं. ते नुसते टाइप करत राहिले. वाटलं, घाबरले बिचारे.

सोमवार, २८ जुलै

लेखी आदेश निघाला. अभिलेख शोधून देण्याचं काम माझ्याकडे. वरच्या कार्यालयातून फोन आला होता म्हणतात, माझं पत्र पोचल्यावर. आदेश मात्र अजून जुन्याच फॉन्टमध्ये! रूपांतर करून वाचला.

आजच सहा लोक आले. जेवायला पावणेतीन वाजले!

बुधवार, ३० जुलै

फेब्रुवारीचं ते पत्र आज शेवटपर्यंत ऐकलं. साहेबांच्या पदनामाखाली आणखी एक ओळ आहे — टंकलेखक, गु. न.

चाचांनीच टाइप केलेलं. आणि जूनपासून मला एकेक बटण सांगत बसले.

सुट्टीत विचारलं. डबा उघडला होता, तो त्यांनी परत बंद केला. म्हणाले, "सांगाची हिंमत नव्हती, बेटा. म्हटलं, तूच वाचशीन एक दिवस."