काळ्या चौकटीतला वाढदिवस

३ फेब्रुवारी
आजपासून मी ग्रीटिंग कार्ड डिझायनर. मेहुण्याच्या टाइल्सच्या दुकानाला रामराम ठोकला. बायकोची, नेव्यानाची, अट अशी की आईच्या सत्तराव्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे १२ मार्चपर्यंत, एक तरी ऑर्डर आण. नाहीतर मुकाट्याने परत टाइल्स. एक तरी! हसू आलं.

५ फेब्रुवारी
मार्केट पाहिलं. किरिलकाबाईंच्या स्टेशनरीच्या दुकानात गुलाब, मांजरं, सोनेरी चमकी. एक कार्ड उघडलं तर गाणंच म्हणायला लागलं. बल्गेरियातल्या आमच्या विदिन गावची जनता हे पैसे देऊन घेते. किरिलकाबाई म्हणाल्या, घेणार नसलास तर हात लावू नकोस.

११ फेब्रुवारी
रोज पहाटे सहाला स्केचिंग, हा निश्चय. पण तेव्हा हीटर बंद असतो. थंडीत रेष थरथरते. उद्यापासून आठ.

१२ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा
आत्ता उठलो. कल्पना झोपेतच येतात.

१९ फेब्रुवारी
शेजारच्या दिम्चोकाकांना जाऊन चाळीस दिवस झाले, म्हणून रीतीप्रमाणे बिल्डिंगच्या दारावर त्यांचा शोकाचा कागद लागलाय. दारं, खांब, झाडं... या गावात गेलेल्यांना चिकटवायला जागा उरलेली नाही. काकांचा फोटो वाकडा. पण पांढरा कागद, काळी चौकट, मध्ये चेहरा, यात शिस्त आहे. किरिलकाबाईंच्या मांजरांपेक्षा काका देखणे दिसतात.

२६ फेब्रुवारी
सुचलं! कुठून, ते कलाकाराला विचारू नये. पांढरा कागद. बारीक काळी चौकट. मध्ये आईचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो. खाली ठळक अक्षरांत वेसेलिना, त्याखाली ७०. एकच ओळ: तू सदैव आमच्या मनात आहेस. फूल नाही, चमकी नाही.
नेव्यानाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, आईंची तब्येत बरी आहे ना? शेवटी टाइल्सवाल्यांच्या घरातली.

११ मार्च
किरिलकाबाईंना कार्ड दाखवलं. त्यांनी छातीवर क्रूस काढला, माझा हात धरला, डोळे पुसले. इतक्या भारावल्या की ऑर्डरचं राहूनच गेलं.
आता दुकानदार बास. थेट रसिकांपर्यंत जायचं. कार्ड मोठं छापून बिल्डिंगच्या दारावर लावलं, दिम्चोकाकांच्या शेजारी. शेजारी ठेवलं की माझं किती सरस ते लगेच कळतं.

१२ मार्च, सकाळ
बेल. खालच्या गीनामावशी, डोळे सुजलेले, हातात चार कार्नेशन. चार! जिवंत माणसाला फुलं विषम द्यायची, सम फक्त मेलेल्याला, हे बालवाडीतलं पोरही सांगेल. बाईंना चारपर्यंत मोजता येत नाही. दार आईनेच उघडलं, हातात चीज भरलेल्या बानित्साचा गरम ट्रे. मावशी जिन्यातच बसल्या.

दुपार
मेहुणा झेल्याझ्को दुकान बंद करून काळ्या शर्टात आला. मागोमाग बिल्डिंगमधले सगळे, साखर घातलेले शिजवलेले गहू घेऊन. मर्तिकाचे गहू, आणि तेही वाढदिवसाला! या लोकांना अभिरुची नव्हतीच, आता रीतही उरलेली नाही.
त्यात अंत्यविधीचं सामान विकणाऱ्याचा फोन. दारावरचा कागद आवडला, असेच पन्नास करून द्या म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. मी आनंदासाठी काम करतो. नेव्यानाने कपाळाला हात लावला. म्हणाली, अहो शहाणे, ऑर्डर होती ती!
आई मात्र खुशीत. पेल्यांत राकियाची दारू ओतत एकेकाला विचारत होती, खरं सांग, किती रडलास? झेल्याझ्कोला म्हणाली, माझ्यासाठी शर्टाला इस्त्री करायला काय झालं होतं रे? तिची सख्खी बहीण आली नाही, हे तिने पक्कं लक्षात ठेवलंय.

संध्याकाळ
नेव्यानाने मला खाली नेलं आणि दोन्ही कागदांसमोर उभं केलं. मी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं, फरक सापडेना. उजेड कमी होता.

१४ मार्च
अंत्यविधीवाल्याला फोन केला. म्हटलं, विचार करायला तयार आहे. म्हणाला, राहू द्या, भाच्याने करून दिलं, चौकटच तर काढायची होती.

१६ मार्च
आईने दारावरचं कार्ड हलक्या हाताने सोडवून आणलं. मला वाटलं, फ्रेम करणार. शेवटच्या दिवशी अंगावर घालायचे म्हणून तिने कपाटात कपडे घडी करून ठेवलेत, त्यांच्यावर तिने ते ठेवलं. म्हणाली, फोटो छान आलाय हं, ल्युदमिल. आकडा तेवढा तेव्हा बदल.
बदलेन म्हटलं.
उद्या आठला टाइल्सच्या दुकानात.