कॅलेंडरामागचे नंबर

मूल (जि. चंद्रपूर),
दि. ९ जानेवारी २००४

प्रिय खैरुन,

सलाम. मी खुशाल आहे, तूही असशील. तुम्ही कोरपन्याला गेलात, तिथे तुझ्या हाफिजभाईंचं दुकान बरं चाललंय, असं आपली रुबीना सांगत होती. इथे थंडी मरणाची आहे. आपल्या फोनच्या बूथमधलं तुझं स्टूल अजून तिथेच आहे, मी त्यावर रजिस्टरं ठेवते.

दहा महिन्यांनी हिला पत्र लिहायची बुद्धी कशी झाली, असं म्हणत असशील. आधी कमळाबाईची बातमी ऐक. तिच्या बचत गटाने कोंबड्यांचा धंदा काढलाय. तिच्या आणि लटारूभाऊंच्या घरामागच्या खोलीत दीडशे पिल्लं, चार बल्बांच्या उबेत. बारा बायांचा जीव त्या खोलीत अडकलेला.

सोमवारी दुपारी चारला बूथवर फोन आला. "वीज ऑफिसातून बोलतोय. लटारूचं मीटर हळू फिरतं, चोरीची केस होईल. आमचा माणूस स्टँडवर उभा आहे. अकराशे रुपये त्याच्या हातात द्या, नाहीतर पाच वाजता लाइन कापू. निरोप लगेच पोचवा." आवाज एकदम साहेबी. मी बूथ उघडा टाकून धावले. खरं सांगू? साहेबाने मला काम सांगितलं, याचा थोडा तोराही होता.

कमळाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. रोज लाइन जाते तेवढा वेळ ती शेगडी ठेवून निभावते, पण अख्खी रात्र बल्ब बंद राहिले तर सकाळी मेलेली पिल्लं टोपलीने उचलावी लागली असती. तिने गटाची पेटी उघडली, पैसे पदरात बांधले, चपला घातल्या आणि दारातच थांबली.

"अन्नपूर्णाबाई, खैरुनबाई असती त आधी उलटा फोन लावली असती. तुमी लावला काय?"

मला राग आला. तुझं नाव ऐकूनच आला. "मी सांगून राह्यली ना, ऑफिसचाच फोन होता!"

"तुमी सांगून राह्यल्या म्हनूनच त पैसे काढले. त्या फोनवाल्याले मी कुठी ओळखते?"

खैरुन, हेच तू म्हणाली होतीस. मार्कंड्याच्या जत्रेची गर्दी होती, आणि कुणाच्या तरी निरोपाची खात्री करायला तू ऑफिसला परत फोन लावत बसली होतीस. "लोक फोनवर नाई, आपल्या तोंडावर भरोसा ठेवतेत," म्हणालीस. मी सगळ्या रांगेसमोर तुझ्यावर ओरडले, की तुले कोनावर भरोसाच नाई, तुझ्या उलट्या फोनांनी गिऱ्हाईक पळून राह्यले. दुसऱ्या दिवसापासून तू आली नाहीस. बूथ माझ्या नावावर होता ना, म्हणून मी बोलवायलाही आले नाही.

आणखी एक. तू भिंतीवर नखपॉलिशने लिहिलेले ऑफिसांचे नंबर मी चुना मारून पुसले, असं तुझ्या कानावर आलं असेल. मीच तसं सांगत फिरले. पण पुसले नव्हते. हात धजला नाही, वरून कॅलेंडर टांगलं होतं.

सोमवारी कमळाबाईच्या दारातून बूथवर परत धावले, ते कॅलेंडर उचललं आणि वीज ऑफिसचा नंबर फिरवला. तिकडचा बाबू आधी हसलाच. "बाई, आमी रोज चार घंटे लाइन घालवतो, कोनाले फोन करून सांगतो काय?" मग गंभीर झाला. थकबाकी असली तर लेखी नोटीस येते, पैसे खिडकीवर भरायचे आणि पावती घ्यायची, स्टँडवर आमचा कुणी नाही, म्हणाला. लटारूभाऊ चार माणसं घेऊन स्टँडवर गेले, तर एक बॅगवाला त्यांना पाहून चालत्या गडचिरोली गाडीत चढला.

पिल्लांना आता पंख फुटतायत. कमळाबाई येता-जाता माझे उपकार मानते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, कारण पैसे काढायला लावणारी मीच होते. ते उपकार तुझे आहेत. तू इथे नसतानाही तू आम्हाला वाचवलंस. तुझी मी फार फार ऋणी आहे, आणि चुकले.

कॅलेंडर काढून टाकलंय. स्टूलवरची रजिस्टरंही खाली ठेवली आहेत. आता या पत्रावर नुसता भरोसा ठेवू नकोस, तू ठेवायची नाहीसच. उलटा फोन लाव. नंबर तोच आहे, मी जवळच बसलेय.

तुझीच,
अन्नपूर्णा