ईराचा उचलता पूल

पिनर, रविवार, ऑक्टोबर २००६

आई गेल्यापासून बाबा गप्पच असतात. त्यांना महिन्याभरासाठी इथे परदेशात माझ्याकडे आणून चूक तर नाही ना केली?

आज ईराने शाळेसाठी पुठ्ठ्याचा किल्ला केला. "आजोबा, माझा पूल वर येत नाही!" पुलांच्या कामावर जन्म काढलेले बाबा उठलेच. "अगं, खरा पूल ओकच्या जाड फळ्यांचा, त्यावर लोखंडी पट्ट्या. नुसत्या साखळ्यांनी कसा उचलला जाईल? मागच्या टोकाला वजन हवं." त्यांनी तिथे दोन जड नट चिकटवले. ईराने दोरा ओढला, पूल अलगद उठला. आणि बाबा हसले! किती महिन्यांनी हसले.

मग हळूच मला म्हणाले, "परतीचं तिकीट जरा पुढे ढकलता येईल का गं?"

"बघते," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात पळाले.