विसावा गॉज

मिल्टन फॉल्स, ओहायो
४ मार्च १९८८

ती. आल्विनदादास,
डोरीनचा सा. न. वि. वि.

आज लेंटच्या उपासांतला तिसरा शुक्रवार, मांस वर्ज्य म्हणून चर्चमध्ये तळलेले मासे. तू असतास तर अल्सर विसरून तीन ताटं उडवली असतीस. फोन-डिरेक्टरीच्या पाठीवर तुझा फोटो आलाय, 'डॉक्टर चुकला? केसलर वकिलांना सांगा.' आमच्या नर्सपोरींनी त्याला मिशा काढल्या. शिंगं मी काढली.

(पान दुसरं) जानेवारीत पोटाच्या एका ऑपरेशनला रक्त टिपायचे गॉज मी मोजले, वीस आत गेले होते. दोनदा एकोणीस भरले. डॉक्टर शिवायला खोळंबले होते, लहान पोरीसारखी आकडे शिकतेस का म्हणाले. तिसऱ्यांदा वीस भरले. मी वीस लिहून सही केली. गेल्या आठवड्यात त्या माणसाच्या पोटातून विसावा निघाला. मला वीस दिसले होते, की दिसायला हवे होते, हे आता आठवत नाही. काय करू?

अल्सरला जप. लोभ आहेच, या पत्रानंतरही राहावा.
डोरीन

टोलीडो
१५ मार्च

चि. डोरीनला,
अ. उ. आ.

खटला चालू होता, पत्र घाईत वाचलं. शिंगं शोभतात, असं ऑफिसातही म्हणतात.

तुमच्या गावचा माणूस आलाय. अर्ल प्रुइट, शाळेची बस चालवायचा. पोटात गॉज राहिला. आता त्याला तासभर बसवत नाही, बसची नोकरी गेली. बावीस वर्षं मी ज्यूरीला एकच विचारत आलो, मोजलं कोणी? या वेळी कागदावरची सही पुसट आहे. त्या दिवशी कोण होती, जरा हळूच विचारशील?

आहे तशीच माया ठेव.
आल्विन

मिल्टन फॉल्स
१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू चेष्टा करतोयस की खरंच विचारतोयस, कळत नाही. दुसरं पान वाच. सही माझी आहे. तो लांब शेपटीचा 'डी' तूच शिकवलास.

अर्लची बायको नेडा चर्चमध्ये मासे तळते. सगळ्यांना दोन तुकडे देते. काल मला तीन वाढले. म्हणाली, ऑपरेशनला तू होतीस म्हणून अर्ल वाचला, घे गं बाई.

रागव, पण लोभ सोडू नकोस.
डोरीन

टोलीडो
२६ मार्च

चि. डोरीनला,
अ. उ. आ.

रुग्णाचा कागद मी तीनदा वाचतो. तुझं पान उलटलंच नव्हतं.

ही केस मला घेता येत नाही. नेडाबाईंना कोलंबसच्या एका वकिलाकडे जा म्हणालो. त्यांनी विचारलं, आमचं काही चुकलं का? नाही म्हणालो. कारण सांगितलं नाही.

तुझं दुसरं पान दहादा बाहेर काढलं, दहादा ठेवलं. असं पान समोरच्या वकिलाच्या ड्रॉवरमध्ये आहे कळलं असतं, तर मी ते कोर्टाकरवी मागवलं असतं. जाळू म्हणवत नाही. ठेवू म्हणवत नाही. सोबत परत धाडतोय. भाऊ म्हणून की वकील म्हणून, मला विचारू नकोस. हे उघड झालं तर तुझी नोकरी जाईल, लायसन्सही. स्वतःचा वकील कर, मी सल्ला देऊ शकत नाही. जेवत जा.

आल्विन

मिल्टन फॉल्स
२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल शेवटचे मासे होते. ते पान मी नेडाच्या हातात दिलं. तिने कढईपाशी उभ्यानेच वाचलं. कितीदा मोजलंस म्हणाली. तीनदा म्हटलं. तिने पान घडी करून एप्रनच्या खिशात घातलं. मागची रांग ओरडायला लागली, तेव्हा माझं ताट भरलं.

दोन तुकडे होते. मी पुन्हा मोजले. दोनच.

यात राग होता की नव्हता, मला कळलं नाही. तुला कळलं तर लिही. माया असू दे.
डोरीन