पालखी वळायचा कोपरा

बाबा, तुला अक्षर कळत नव्हतं आणि मी चौथीत शाळा सुटल्यावर रद्दीच्या कागदांवर वाचत शिकलो, म्हणून आपल्या दोघांत पत्राची वेळ कधी आलीच नाही. आज लिहितोय, कारण घरात बोलायला कुणी नाही. तुझा नातू गावाबाहेरच्या टॉवरमध्ये विसाव्या मजल्यावर राहतो. गच्चीवरून मला त्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात, तेवढीच रोजची भेट.

परवा रविवारी मुंबईहून पंधरा-वीस जण गाव बघायला आले, गळ्यात कॅमेरे अडकवून. तुझ्या वेळी मुंबई म्हणजे खाडीपलीकडचा उजेड. तू मिठाच्या होडीवर जायचास आणि येताना माझ्यासाठी कागदात बांधून कडक बटर आणायचास. आता तिकडची माणसं आपल्या गल्ल्यांचे फोटो काढतात. मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. एका मुलीने शेजारच्या जुन्या घराकडे बोट करून विचारलं, "आजोबा, इथले कोपरे असे छाटलेले का?" मग काय, माझी कळी खुलली. सांगितलं तिला, की आमच्याकडे पाया खणण्याआधी देवळातून रिकामी पालखी आणायचे, चौघं खांद्यावर घेऊन गल्लीतून वळवायचे, आणि दांडा जिथे अडेल तिथून भिंत मागे.

आपल्या घराचा तो दिवस सांगताना पुन्हा डोळ्यांपुढे आला. मी आठ-नऊ वर्षांचा. पालखी वळते आणि दांडा तू पायाच्या खुणेला बांधलेल्या सुतलीला अडतो. शेजारचा काका म्हणतो, हातभराचा तर प्रश्न, पालखी जरा कलती करू. तू खाली बसून सुतली सोडतोस. "देवी नाय वाकनार. आपली भित वाकंल." त्या कोपऱ्यात आईची चूल यायची होती, ती गेली. चार दिवस ती तुझ्यापुढे ताट आपटत होती आणि तू मुकाट जेवत होतास.

मुलीने सगळं ऐकून घेतलं, मग माझ्या चार मजल्यांकडे मान वर करून बघितलं. "आणि तुमचा कोपरा, आजोबा?" मी म्हटलं, गवंड्याची चूक.

गवंड्याची चूक नव्हती, बाबा. तुझं घर पाडलं तेव्हा त्यानेच विचारलं होतं, कोपरा छाटायचा ना? मी म्हटलं, सरळ घे, भाडेकरूला मोरी बसते. तेव्हापासून पालखी मागच्या डांबरी रस्त्याने जाते. गाव मला एका शब्दाने बोललं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चैत्रात मी ओवाळायचं ताट घेऊन त्या रस्त्यावर उभा राहतो, पाहुण्यासारखा.

तीन वर्षांपूर्वी तुझी सून गेली. दारातून तिला उचललं आणि कोपऱ्यावर तिरडी अडली. पुढे-मागे करून बघितलं, जमेना. मग कुणीतरी हळूच म्हणालं, जरा कलती करा. तिच्या अंगावरची फुलं माझ्या भिंतीला घासून खाली पडली. मी ती वेचत मागे राहिलो.

काल कोपरा छाटायला गवंडी बोलावला. तो म्हणतो, खांब आत आहे, बाहेर नुसती मोरीची भिंत, दोन दिवसांचं काम. तळमजल्यावरच्या परभणीच्या बाईला मी भीतभीत सांगितलं, की मोरी जाणार, माझी वापर. ती म्हणाली, "दारात देवी येनार अन् तुमी मोरीचं काय घेऊन बसलाव, आजोबा." आता गावभर झालं आहे, म्हाताऱ्याला पालखीसाठी सुबुद्धी सुचली. मुलाचाही फोन आला, छान केलंत म्हणून.

हा कागद घडी करून गादीखाली ठेवीन, दुसरीकडे टाकणार कुठे? पण तुला तरी खरं सांगतो. पालखी मला नंतर आठवली. त्या मुलीसमोर मी भिंतीकडे बघत होतो, आणि मनात एवढंच आलं, की तुझी सून इथे अडली होती आणि मी तिच्याहून वीतभर उंच आहे.