आईचा तुंबा

३ मार्च
बोलावणं आलं! दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठात, जिवाणूंच्या जनुकशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास. एकोणीसला फोनवरच मुलाखत. अर्जात मी आईच्या भोपळ्याच्या तुंब्यातल्या आंबट दुधाबद्दल लिहिलं होतं. त्यातला एक जिवाणू हगवणीच्या जंतूंना मारतो. कुठल्या जनुकामुळे, ते शोधायचंय. पण आधी त्यांना तो जिवाणू जिवंत हवाय. मी बत्तीस पूर्ण. पुढच्या वर्षी वयाच्या अटीत बसणार नाही. 

६ मार्च
इथे लुसाकात दोन दिवस वीज नाही. प्रयोगशाळेच्या जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, कुणी पाहिलंच नाही — म्हणजे मीही नाही. माझ्या जिवाणूच्या सहाही नळ्या एकाच फ्रीजरमध्ये. उघडला तर आतून उबट वास. मुसोंडा सर म्हणतात, "एखादी नळी दुसरीकडे ठेवायचीस ना, लुयांडो." आता सांगतात!

८ मार्च
नळ्यांतलं काचेच्या थाळ्यांवर वाढवून पाहिलं, नुसती बुरशी. माझा जिवाणू गेला.
मग आईला फोन. घरी मोंझेला येतेय, तुझं दूध मोठ्या लोकांना दाखवायचंय म्हटलं. आई खूष. तुंबा आहे तोवर काळजी कशाला? दोन दिवसांनी आज नीट जेवले.

१० मार्च
तुंबा अंगणात उन्हात, चकचकीत. आईने काल उकळत्या पाण्याने धुतला. वाळू घालून आतून घासला. तीनदा. आजवर तो कधी असा धुतला नव्हता — दूध ओतून घ्यायचं, थोडं तळाशी ठेवायचं, वर ताजं घालायचं, बस्स.
"शिकलेली माणसं बघणार म्हणालीस. तो काळा, वास मारणारा कसा देऊ? लाज तुझीच गेली असती."
मी ओरडले तिच्यावर. ती वाढायला बसली. मी मक्याच्या पिठाचा नशिमा ताटात तसाच ठेवून उठले.

११ मार्च
चिपेगोताईकडे गेले. आमच्या घरात मुलगी सासरी जाताना आई आपल्या विरजणाचा लहान तुंबा देते. लग्न ठरेपर्यंत तो दाखवायचा नाही, त्याचं नावही काढायचं नाही. ताईला मिळाला होता.
"अगं तो? त्यात मी बटणं ठेवते. आम्ही पिशवीचं दूध घेतो."
बटणं! मला तर तुंबाच नाही. नवरा नाही तर तुंबा कुठला.

१५ मार्च
शेजारणीच्या दुधातला कुठलातरी जिवाणू पाठवला तर कुणाला कळेल? आधी कुणालाच नाही. नंतर सगळ्यांना. आणि मला तर आत्ताच. सबंध दिवस हाच विचार. भीती वाटते, इतकी मी मोहात आहे.

१९ मार्च
मुलाखतीत सांगून टाकलं. वीज, डिझेल, वाळू, सगळं. फोनवरच्या बाई हसल्या नाहीत. "महिनाअखेरपर्यंत जिवाणू पाठवा. नाही जमलं तर जागा पुढच्या नावाला."


२४ मार्च
आईचा फोन. माफी मागावी म्हणत होते, तेवढ्यात तिनेच विचारलं, "लग्नाचं काय ठरवलंस?" आत्ता हे!
चिडून सांगितलं. नाही करायचं. कधीच नाही. शिकायचंय, तेही हातातून चाललंय.
 ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. जन्मात तिला इतकं दुखावलं नसेल मी.

३० मार्च
तोच! थाळीवर तोच जिवाणू. आज पाठवला.
सव्वीसला बसने पुडकं आलं होतं. आत लहान तुंबा. काळा, आंबट वासाचा. आईला फोन केला.
"तू कॉलेजात गेलीस ना, तेव्हा भरला होता. तेरा वर्षं आठवड्याच्या आठवड्याला दूध घालतेय. आता कुणाची वाट बघू? घेऊन जा."
 फोन ठेवता ठेवता म्हणाली, "धुतलेला नाही हं."