अजगराच्या यकृतातलं जनुक

४ मार्च
तिसऱ्यांदा तेच उत्तर. सर ज्याला विषाचं जनुक म्हणतात, ते बिनविषारी अजगराच्या यकृतात चालू, कातडीत चालू, आतड्यातही चालू. म्हणजे विषाचं नाहीच ते, शरीराची रोजची धुणीभांडी करणारं आहे. साप-सरड्यांच्या एकाच पूर्वजात विष एकदाच जन्मलं, हा सरांचा वीस वर्षांपूर्वीचा सिद्धान्त त्याच्यावरच उभा. पाय दुखतायत.

५ मार्च
सरांना आलेख दाखवले. म्हणाले, "नमुन्यात भेसळ असेल. पुन्हा करून बघ." जानेवारीत हेच, फेब्रुवारीत हेच. घसा कोरडा पडला सांगून सांगून.

९ मार्च
आईने विचारलं, "मग विष आलं तरी कुठून?" सांगितलं — लाळेतलं एखादं साधं जनुक. चुकून त्याची प्रत निघाली. मूळ जनुक आपलं काम करत राहिलं. प्रतीला काम नव्हतं, ती बदलत गेली, लाखो वर्षांनी विष झाली.
"रिकामटेकडी बिघडली म्हण की."
हसले. कितीतरी दिवसांनी.

१४ मार्च
सापघर सांभाळणाऱ्या मामांकडे पुन्हा नमुना मागितला. लाज वाटली. "बाई, किती टोचायचं त्या बिचाऱ्याला?" म्हणाले. सर काल येऊन गेले म्हणे, अजगर कुणी आणला विचारत होते. "स्वतःच तर आणला ना त्यांनी?" मामांनी मलाच विचारलं.
सर आता अजगरातच खोट शोधतायत.

२० मार्च
चौथ्यांदा तेच.

२१ मार्च
आज तोल गेला. "सर, तुम्हाला ऐकायचंच नाहीये." त्यांनी चष्मा काढला, पुसत राहिले. "हे तू मला आधी सांगितलं होतंस?"
वेड पांघरून पेडगावला जायचं, ते तरी किती? या निकालांचा पेपर उद्या एकटीच्या नावाने छापायला पाठवते.

२२ मार्च
सकाळी काकूंचा फोन — सरांच्या बायकोचा. "कुणाला सांगू नको म्हणाले होते, पण वर्ष झालं गं, त्यांच्या लक्षात काही राहत नाही. काल आल्या आल्या म्हणाले, पोरीनं माझी चूक पकडली, काय सुरेख काम केलंय. विसरेन म्हणून कागदावर लिहून घेतलं — ती बरोबर आहे. खाली सही केलीये. तुला देऊ का तो?"
पेपर थांबवला. दोघांच्या नावाने जाईल.
सोमवारी सरांना सगळं पुन्हा सांगायचंय. सावकाश.